यादीत नसलेली सहा माणसं

माझी थोरली जाऊ आणि मी एकाच ऑफिसात काम करतो, हे कळलं की लोक आधी हसतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "पटतं का हो तुमचं?" पटतं. मधलं एक वर्ष मात्र अजिबात पटत नव्हतं, आणि त्यात चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी मला शहाणपण शिकवायला नको.

तिला घरात सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणते. वय छप्पन्न, उंची बेताची, चालणं इतकं भरभर की बरोबरच्याला धाप लागावी. ऑफिसात तिचं नाव मोजणीबाई. जिना चढताना पायऱ्या मोजेल, कपडे वाळत घालताना चिमटे मोजेल. माझं लग्न झालं तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, तू दिवसातून चौदा वेळा 'सॉरी' म्हणतेस. निम्म्यावर आण, नाहीतर ही माणसं तुझ्या डोक्यावर बसतील." मी सातावर आणलं. आता तर मी कुणाला सॉरी म्हणतच नाही, ही वेगळी तक्रार आहे.

आमचं ऑफिस म्हणजे शहराच्या वाचनालयाचा चित्रपट विभाग. नाव भारदस्त, जागा तळमजल्यावर, सायकल स्टँडच्या मागं. एक पॅसेज, त्यात रिळांची आणि डब्यांची चार कपाटं, साहेबांची खोली, आणि सिनेमे बघायच्या दोन छोट्या खोल्या. खोलीत एक पडदा, एक खुर्ची, एक टेबल, टेबलावर दिवा आणि भिंतीला कापूस भरलेलं जाड कापड. माणसं चार. साहेब, मशीनवाले काका आणि आम्ही दोघी जावा. साहेबांना कागद दिसला की तो दुसऱ्या कागदाला टाचल्याशिवाय चैन पडायचं नाही, म्हणून मागून आम्ही त्यांना टाचणी म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. नियमाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा, एवढंच.

काम असं. जुने गाजलेले सिनेमे शाळांना दाखवायचे, पण त्याआधी, त्यात कुणाला किती जागा मिळाली आणि कोण वगळलं गेलं हे कळावं म्हणून, प्रत्येक सिनेमाचा एक तक्ता भरायचा. त्यात बाया किती, पुरुष किती, म्हातारी किती, बाहेरून आलेली किती, वेगळ्या रंगाची किती, कोण किती बोलतं, कुणाला नाव आहे, कोण कुणाला हसतं, आणि शेवटी कुणाचं काय होतं. प्रत्येक सिनेमा दोघींनी वेगवेगळा बघायचा, एकमेकींशी बोलायचं नाही, आणि मग दोन तक्ते शेजारी ठेवून साहेब ताडून बघणार. नात्यातल्या माणसांनी एकच सिनेमा तपासू नये असाही एक नियम होता. पण चारातल्या दोन आम्हीच, त्यामुळं तो नियम साहेबांनी उसासा टाकून फाइलला टाचून ठेवला होता.

तपासायची पद्धतही साहेबांचीच. आधी पडद्यावर काळं कापड टाकायचं आणि सिनेमा नुसता ऐकायचा. जितके आवाज ऐकू येतील तितक्या माणसांची यादी करायची, हातातल्या बटण दाबायच्या घड्याळानं प्रत्येकाच्या बोलण्याचा वेळ लावायचा. परक्या भाषेचा सिनेमा असेल तर संवादांचा अनुवाद कागदावर समोर असायचा. मग दुसऱ्यांदा कापड काढून, आवाज बंद करून, यादीतली माणसं पडद्यावर शोधायची आणि खुणा करायच्या. साहेब म्हणायचे, "चेहरा आधी पाहिला की आपण मत आधी बनवतो. म्हणून आवाज आधी." मला ते फार पटलं होतं. दीड वर्षात मी त्या पद्धतीनं साठ सिनेमे उडवले होते.

ताई या कामाला जिवापाड जपायची. त्याचं कारण जुनं आहे. लग्नाआधीपासून ती एका थिएटरच्या तिकीटखिडकीवर बसायची. वीस वर्षं बसली. जाड काच, काचेला खाली हात जाईल एवढीच फट, बाहेर रांगेचा गोंगाट. कुणाचं बोलणं ऐकू येणं शक्यच नव्हतं. ती ओठ बघून तिकीट फाडायची. मोठे दीर अजून सांगतात, की ते पहिल्यांदा रांगेत उभे राहिले तेव्हा घाबरून तोंडातून आवाजच फुटला नव्हता, तरी तिनं बरोबर मधल्या रांगेचं तिकीट दिलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, तिसऱ्या दिवशीही. तोच सिनेमा तीनदा कोण बघतं, हे काय तिला मोजता येत नव्हतं? थिएटर बंद पडलं त्या दिवशी ती खुर्ची पुसून, खिडकीचं कुलूप लावून घरी आली आणि दोन महिने कुणाशी धड बोलली नाही. मग या विभागाची जाहिरात निघाली. पुढं मलाही तिनंच इथं चिकटवलं. नेमणूक वर्षावर. दरवर्षी डोळे आणि कान तपासून घ्यायचे, दाखला जोडायचा, की पुढचं वर्ष.

आता माझ्या रागाची गोष्ट. आम्ही खाली राहतो, ते वर. गेल्या वर्षी माझी आई दवाखान्यात होती. सकाळी मी जिन्यात गेले, ताई पाठमोरी, कुंड्यांना पाणी घालत होती. मी म्हटलं, "ताई, आईला रात्री दवाखान्यात नेलं. मला भीती वाटतेय." ती पाणी घालत राहिली. एक कुंडी, दुसरी कुंडी. मी तिथं उभी, डोळ्यांत पाणी, आणि हिनं मान वळवायचीही तसदी घेतली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन दिवसांनी येऊन विचारते कशी, "अगं, आईला बरं नव्हतं म्हणे, मला सांगितलं नाहीस?" मी म्हटलं, वा, काय नाटक आहे. तेव्हापासून मी कामापुरतं बोलायची. हाक मारली आणि तिनं ओ दिली नाही की मनात एक आकडा वाढवायची. ताठा आलाय, दुसरं काय. वयानं मोठी, नोकरीत जुनी, चढलं डोक्यात. घरी नवऱ्याला रोज सांगायची. तो बिचारा भावाच्या बायकोबद्दल काय बोलणार? तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा.

अशात तो फ्रेंच सिनेमा आला. काळापांढरा, खेड्यातला, त्यांच्याकडं फार मानलेला. डोंगराच्या उतारावर सफरचंदांची बाग. म्हातारा बागवाला अंथरुणाला खिळतो आणि त्याच्या दोन मुलांत बागेवरून जुंपते. थोरली सून दोघांच्या मधे उभी. गावचा पाद्री, गिरणीवाला, पोस्टमन, चहाड्या करणारी शेजारीण, सगळे आपापल्या परीनं तेल ओततात. सफरचंदं उतरवायचे दिवस येतात, भांडण टोकाला जातं, आणि शेवटी म्हातारा कुणाला न सांगता बागेत जाऊन एका झाडाखाली प्राण सोडतो. मला आवडला. दोन जावा नव्हत्या त्यात, ही एकच उणीव.

माझा तक्ता दोन दिवसांत तयार. माणसं सतरा. त्यात बाया चार, आणि निर्णय घेणारी त्यातली एकच, थोरली सून. पोस्टमनची चार वाक्यं, दीड मिनिट. 'बाहेरून आलेली, वेगळ्या वर्णाची माणसं' या रकान्यात मी लिहिलं, 'नाहीत'. आणि शेऱ्यात माझी अक्कल पाजळली, की त्या काळच्या आडबाजूच्या खेड्यात अशी माणसं असण्याचा संभव नाही, सबब हा दोष धरू नये. सही ठोकली आणि डबा खायला गेले.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. दोन्ही तक्ते समोर. ते म्हणाले, "तुमची सतरा, त्यांची तेवीस. सहा माणसांचा फरक? असं कधी झालं नाही. उद्या बाहेरची समिती कागद बघणार आहे, आणि नेमणुकांच्या फायलीही उद्याच त्यांच्यापुढं आहेत. चूक कुणाची ते आजच बघा."

मला मनातून गुदगुल्या झाल्या. खोटं का बोलू? मोजणीबाईची मोजणी चुकली, यापेक्षा गोड बातमी मला त्या वर्षात मिळाली नव्हती. मी तरातरा तिच्या खोलीकडं गेले. दार ढकललं. ती पाठमोरी बसली होती, कानांवर हेडफोन, समोर तोच सिनेमा चालू. मी म्हटलं, "ताई, साहेबांनी काय विचारलंय माहीत आहे का?" उत्तर नाही. मी मोठ्यानं म्हटलं. नाही. मी मनाशी म्हटलं, आज हिला सोडायचं नाही. पुढं होऊन हेडफोनची वायर उपटायला हात घातला आणि थांबले. वायर मशीनला लावलेलीच नव्हती. टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती.

ती वळली. माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या वायरीकडं बघितलं. मग तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"दार लाव," ती म्हणाली.

मी दार लावलं. तिनं सांगितलं, की दीड वर्ष झालं. आधी डावा गेला, मग उजवाही जायला लागला. समोरून बोललं तर कळतं, ओठ दिसतात. पाठीमागून काही नाही. गेल्या वर्षीच्या दाखल्याच्या वेळी कसंबसं निभावलं, तपासणारीचे ओठ दिसत होते. यंदा दाखला उद्या जोडायचाय आणि तो तिच्याकडं नाही. "मी कुणालाच सांगितलं नाही," ती म्हणाली. "यांनाही नाही. हे काम गेलं तर मी पुन्हा घरात बसेन. ते दोन महिने आठवतात ना तुला? झाकली मूठ होती, झाकलेलीच राहिली असती तर बरं होतं."

मला त्या कुंड्या आठवल्या. ती एक, ती दुसरी. माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. मी म्हटलं, "ताई, माझी आई दवाखान्यात होती तेव्हा मी जिन्यात तुमच्या पाठीमागं उभं राहून सांगितलं होतं."

ती माझ्या ओठांकडं बघत होती. तिचा चेहरा पडला. "मागून?" ती म्हणाली. "अगं वेडे, समोर यायचं की."

वर्षभराचा राग माझ्याजवळ होता आणि आता तो ठेवायला जागाच नव्हती. मी तिच्या खुर्चीच्या हातावर बसले आणि रडले. नाक पुसून झाल्यावर विचारलं, "मग हे तक्ते कसे भरता तुम्ही? आवाजाचा वेळ कसा लावता?"

"ओठांवरून," ती म्हणाली. "तिकीटखिडकीसारखं. ओठ हलले की घड्याळ सुरू, मिटले की बंद. पाठमोरा असला तर मानेवरून अंदाज. काळं कापड मी टाकतच नाही." साठ सिनेमे तिचे आणि माझे तक्ते जुळत आले होते, दोन-चार सेकंदांच्या फरकानं. माझे कान आणि तिचे डोळे.

"मग या वेळी सहा माणसं जास्त कुठून आली?"

तिनं सिनेमा मागं नेला आणि बोट दाखवलं. दोन भाऊ बागेत कडाकडा भांडताहेत. मी ते भांडण पाठ केलं होतं. त्यांच्या मागं झाडाला शिडी लावलेली, आणि शिडी धरून एक माणूस उभा. काळसर, उंच, डोक्यावर चुरगळलेली टोपी. लांबच्या देशातून मजुरीला आलेला असणार, बाकी कुणासारखाच दिसत नव्हता.

"हा दिसला तेव्हा मला वाटलं, आता हा बोलेल," ताई म्हणाली. "इतका जवळ उभा आहे, घरातलं सगळं ऐकतोय. मी घड्याळावर बोट ठेवून बसले. पुढच्या प्रसंगात पुन्हा हाच, टोपली उचलताना. मी पुन्हा बोट ठेवलं. अकरा प्रसंग आहेत त्याचे. सिनेमा संपला, पण माझं बोट काही खाली गेलं नाही."

तिनं शेवटचा प्रसंग लावला. म्हातारा झाडाखाली मेलेला. मला एवढंच आठवत होतं की मुलगे हंबरडा फोडतात आणि सून काहीतरी फार चांगलं वाक्य बोलते. पण म्हाताऱ्याला उचलून घरी कोण नेतं? पुढून थोरला मुलगा आणि मागून, पाय धरून, हा शिडीवाला. धाकटा नुसता रडत चालतो. पडद्यावर एकूण एकोणीस मिनिटं होता तो माणूस. माझ्या तक्त्यात दीड मिनिटाच्या पोस्टमनला अख्खी ओळ, आणि याला काही नाही. मी लिहून मोकळी झाले होते, 'नाहीत'. संभवच नाही म्हणे. उचलली जीभ लावली टाळ्याला.

बाकीचे पाच जण तिनं दाखवले. शिडीवाल्याबरोबरचे दोघं त्याच्यासारखेच मजूर. ओढ्यावर धुणं बडवणाऱ्या दोन बाया, त्यातल्या एकीचा हात कोपरापासून नव्हता आणि ती एका हातानंच पिळत होती. आणि बागवाल्याच्या घरात वरच्या खिडकीशी बसलेली एक आजारी मुलगी. ती कोण, कुणाची, हे सिनेमा सांगतच नाही. एकानंही तोंड उघडलेलं नाही. आवाज नाही म्हणून माझ्या यादीत नाव नाही, आणि यादीत नाव नाही म्हणून दुसऱ्या वेळी मी बघितलंच नाही. साठ सिनेमे मी असेच बघितले होते.

"पण मग याआधी तुमच्याही यादीत अशी माणसं आली असतील," मी म्हटलं.

"यायची. ज्यांचे ओठ हलले नाहीत ती सगळी मी खोडायची," ती म्हणाली. "तुझ्या यादीशी जुळायला हवी ना. नाहीतर साहेब विचारणार, ही न बोलणारी माणसं तुम्हाला कशी दिसली, पद्धतीप्रमाणं तर दिसायला नकोत. या वेळी खोडवलं नाही. त्यानं त्या म्हाताऱ्याचे पाय धरलेत गं. पण आता खोडते. सतरा करते आणि देते साहेबांना. चूक माझी म्हणते."

मी म्हटलं, "हो, तेच करा." खरंच म्हटलं मी असं. तिची नोकरी वाचायला हवी, बस्स, त्यापुढं तो टोपीवाला गेला खड्ड्यात. उद्याच्या दाखल्याचं काय करायचं तेही मी मनात जुळवायला लागले, कुणाच्या ओळखीनं काय होतं का ते. घरी जाईपर्यंत माझी पूर्ण लबाडी तयार होती.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही दोघी साहेबांच्या खोलीत. समितीच्या एक बाई आल्या होत्या, शाळांच्या कामात आयुष्य गेलेल्या, खणखणीत. साहेबांनी खाली कागदात बघत विचारलं, "मग, सतरा की तेवीस?" ताईला कळलं नाही, कारण त्यांची मान खाली होती. मी तिच्या कोपराला हळूच हात लावला. तिनं तक्ता पुढं केला. मी वाकून बघितलं. एकही ओळ खोडलेली नव्हती.

"तेवीस," ताई म्हणाली. "आणि ती मला दिसली कारण मी पद्धतीप्रमाणं काम केलं नाही. मला ऐकू येत नाही, साहेब. दीड वर्षापासून. मी आधी बघते, ओठांवरून वेळ लावते. दाखला माझ्याकडं नाही. तुम्हाला फसवलं, त्याची शिक्षा मला द्या. पण या सहा जणांना काढू नका. ते आहेत त्यात."

साहेबांचा हात टाचणीच्या डबीवर तसाच राहिला. मग ते म्हणाले, की नियमाप्रमाणं परीक्षकाला ऐकू यायला हवं, हे त्यांच्या हातात नाही, वाईट वाटतंय, पण फाइलला दाखला नसेल तर पुढचं वर्ष नाही. नेहमीप्रमाणं कागदाशी बोलल्यासारखे बोलले.

मला गप्प बसणं कधी जमलंय? मी म्हटलं, "साहेब, माझा दाखला आहे. दोन्ही कान शंभर टक्के. आणि त्या शंभर टक्के कानांनी मी लिहिलंय की या गावात बाहेरचं माणूस नाही. एकोणीस मिनिटं तो माझ्यासमोर उभा होता. आता सांगा, कुणाची फाइल बंद करायची? साठ सिनेमे गेलेत आपले शाळांना, दोघींच्या सह्यांनी. त्यात असे किती राहिले असतील, ते मोजायला तुमच्याकडं दुसरं कोण आहे?"

साहेबांना घाम फुटला. समितीच्या बाई मात्र म्हणाल्या, "सिनेमा लावा."

आम्ही चौघं त्या एका खुर्चीच्या खोलीत दाटीवाटीनं उभे राहिलो. काकांनी मशीन लावलं. बाईंनी आवाज बंद ठेवायला सांगितला. ताई पडद्याजवळ उभी राहून एकेका माणसावर बोट ठेवत गेली, हा, ही, ही दुसरी. म्हाताऱ्याला उचलायचा प्रसंग आला तेव्हा साहेब नकळत पुढं सरकले. "पाय यानं धरलेत," ते म्हणाले, जसं काही आम्ही ते सांगितलंच नव्हतं. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "मी हा सिनेमा सहा वेळा पाहिलाय. कॉलेजात असल्यापासून."

सिनेमा शाळांना दाखवायचा का नाही, यावर बाई आणि साहेब तासभर बोलले. काढून टाकावा असं कुणालाच वाटत नव्हतं. त्यांनी ताईला विचारलं, सुरुवातीला मुलांसाठी दोन ओळींची टीप लिहायची झाली तर काय लिहाल. ताईनं जरा विचार केला आणि लिहून दिलं, 'या चित्रपटात तेवीस माणसं आहेत. सतरा बोलतात. उरलेली सहा काम करताना दिसतील, त्यांच्याकडंही बघा.' बाईंनी एक अक्षर बदललं नाही.

तिच्या नेमणुकीचं मात्र त्या दिवशी काही ठरलं नाही. फाइल वर गेली. तीन आठवडे गेले. ताईनं घरी मोठ्या दिरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मला वाटायचं तू माझ्यावर रुसलीस. म्हणजे त्या घरात मी एकटीच मूर्ख नव्हते, हे कळून मला बरं वाटलं. ते तिला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेले, यंत्र बसवून आणलं. त्यानं थोडं ऐकू येतं, सगळं नाही. दाखल्यापुरतं तर नाहीच. ऑफिसात ती रोज यायची, पण टेबल आवरून ठेवायची, एकेक वस्तू घरी न्यायची. पाण्याचं भांडं नेलं, शाल नेली. मला ते बघवत नव्हतं.

मग एका दुपारी साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. ते उभेच होते, कपाटाकडं तोंड, हातात वरून आलेला कागद. वाचायला लागले. पद्धत बदलायची. आधी चित्र, मग आवाज. चित्राला एक परीक्षक आणि आवाजाला एक, दोघींची यादी मिळून एक तक्ता. चित्राच्या परीक्षकाला डोळ्यांचा दाखला पुरेल. आधीचे साठ सिनेमे चित्राच्या परीक्षकानं पुन्हा तपासायचे. चित्राची परीक्षक म्हणून ताईची नेमणूक तीन वर्षांची.

मला रडू फुटलं. ताई माझ्याकडं बघून घाबरली. तिला वाटलं, नोकरी गेली. साहेबांची पाठ होती तिच्याकडं, यंत्र असूनही तिला एक शब्द धड मिळाला नव्हता. ती मला म्हणाली, "असू दे गं, रडू नकोस. मला माहीतच होतं." आणि पदर सावरून जायला निघाली.

साहेब वळले. काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं. ते टेबलाला वळसा घालून आले, दाराशी तिच्या पुढं उभे राहिले, कागद खाली घेतला, म्हणजे तोंड झाकायला नको, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सगळं सांगितलं, हळूहळू, एकेक शब्द तिच्याकडं बघत.